पावणेनऊ अंशांची गोडी

कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, पण शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. शीतपेयाच्या कारखान्यात साखरेचा पाक जिथे तयार होतो, त्या खोलीचे ते प्रमुख. म्हणून सुरुवातीला पाकमास्तर, आणि पुढे लोकांच्या जिभेने आळस केला म्हणून नुसतेच मास्तर. तीस वर्षं त्यांनी त्या खोलीत काढली होती. चार उंच स्टीलच्या टाक्या, पायाखाली कायम ओली फरशी, आणि हवेत असा चिकट दमटपणा की घरी गेल्यावर शर्टाची कॉलर मानेपासून सोलून काढावी लागायची.

काम सांगायला सोपं होतं. पाकात पाणी, आंबटपणासाठी लिंबूसत्व आणि संत्र्याचा अर्क मिसळून झाला की तयार पेयाचा एक थेंब हातातल्या छोट्या नळीच्या काचेवर टाकायचा, नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आणि आत दिसेल तो आकडा फळ्यावर लिहायचा. आकडा म्हणजे साखरेचे अंश. संत्र्याच्या पेयाचा आकडा पावणेअकरा. शंभर ग्रॅम पेयात पावणेअकरा ग्रॅम साखर. मोठ्या बाटलीला चहाचे तेरा चमचे. हा हिशोब मास्तरांना झोपेतही येत होता, पण तो त्यांना कधी कुणी विचारला नव्हता.

मग शहरात कराची चर्चा सुरू झाली. आरोग्य खात्यात एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी तीन वर्षं शाळाशाळांतून फिरून मुलांचे दात मोजले, वजनं घेतली, आणि शेवटी कर ठरवणाऱ्या समितीपुढे कागद ठेवला की गोड पेयांवर कर लावा. झालं. कारखान्याच्या फाटकावर मोठा फलक लागला, ‘कर आला, रोजगार गेला’. वर्तमानपत्रात रोज पत्रं यायला लागली. एक म्हणायचा, आमच्या घशाखाली काय उतरावं हे सरकारने ठरवू नये. दुसरा म्हणायचा, कारखानेवाले लेकरांना विष पाजतात. मास्तरांना दोन्ही पत्रं वाचून सारखाच वैताग यायचा. विष पाजणारा माणूस म्हणजे आपणच, हे त्यांना पेपर वाचता वाचता कळायचं. आणि साखर हा जणू जन्मसिद्ध हक्क असल्यासारखं भांडणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाही बाटलीमागचा बारीक मजकूर वाचला नसणार, हेही कळायचं.

“तू नको वाचू ते,” आक्का म्हणायची. आक्का त्यांची थोरली बहीण. मास्तरांची बायको गेल्यावर ती राहायला आली ती कायमची. साखरेच्या आजाराने तिचा डावा डोळा जवळजवळ गेला होता, उजव्यात सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब घालावे लागायचे. आणि तरी रोज दुपारी जेवण झालं की तिला अर्धी बाटली संत्र्याचं पेय लागायचं. कारखान्यातून कामगारांना महिन्याला एक क्रेट मिळायचा. पंचवीस वर्षं तो क्रेट मास्तरांनी स्वतःच्या खांद्यावरून घरात आणला होता. डोळ्याच्या डॉक्टरांनी तंबी दिल्यावर त्यांनी तो आणायचा बंद केला, तर आक्काने शेजारणीकडून दुकानातून बाटल्या मागवायला सुरुवात केली.

“बाळ्या, माझ्या तोंडाला चव राहिलीय ती तेवढीच,” ती म्हणायची. छप्पन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणवून घेताना काही बोलता येत नाही.

समितीच्या सुनावणीच्या आदल्या आठवड्यात धाकट्या साहेबांनी मास्तरांना वर बोलावलं. धाकटे साहेब म्हणजे कारखान्याचे नवे व्यवस्थापक. त्यांच्या आधीचे निवृत्त झाले ते थोरले साहेब, म्हणून हे धाकटे. वयाने चाळिशीचे, बोलायला गोड, आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मान हलवणारे.

“मास्तर, तुम्ही माझ्यासोबत यायचं. मागच्या खुर्चीत बसायचं. समितीने काही तांत्रिक विचारलंच तर तुम्ही आहात.”

“काय विचारतील?”

“साखर कमी करता येईल का, असं विचारतील. तुम्ही सांगायचं, चव बिघडते, गिऱ्हाईक तुटतं. एवढंच.”

मास्तर गप्प बसले. धाकट्या साहेबांनी त्या गप्प बसण्याला होकार समजून मान हलवली.

मास्तर गप्प का बसले, ते सांगायला सहा वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा साखरेचा तुटवडा पडला होता. साखर कारखान्याकडून येणाऱ्या गाड्या चार दिवसांनी एक अशा यायला लागल्या. थोरल्या साहेबांनी मास्तरांना विचारलं, “ताणता येईल का हो?” मास्तर म्हणाले, “एकदम नाही. थोडं थोडं करून बघू.” आणि त्यांनी तसं केलं. पहिल्या महिन्यात पाव अंश खाली. पुढच्या महिन्यात आणखी पाव. आंबटपणा एक केसभर कमी, अर्काचा वास एक केसभर जास्त. रोज तीनदा स्वतः चाखायचे, बाटल्या भरणाऱ्या बायकांना चाखायला लावायचे. आठ महिन्यांत पावणेअकराचे पावणेनऊ झाले. दर बाटलीतून दोन-अडीच चमचे साखर गेली, आणि शहरात एका माणसाला पत्ता लागला नाही. तक्रारवहीत त्या आठ महिन्यांत झाकण सैल आहे, गॅस कमी आहे, लेबल वाकडं आहे अशा तक्रारी होत्या. एका बाटलीत मुंगी निघाली होती. गोडीबद्दल एक ओळ नव्हती.

मास्तरांना त्या आठ महिन्यांचा मनातून फार अभिमान होता. तीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या डोक्याने केलेलं ते एकच काम. बाकी सगळं वरून आलेल्या कागदाप्रमाणे.

मग थोरले साहेब निवृत्त झाले, मुख्य कार्यालयातून तपासणी आली, आणि मूळ कृतीत फेरफार झाल्याचं सापडलं. धाकट्या साहेबांनी येताच एका दिवसात आकडा परत पावणेअकरावर नेला. त्या आठवड्यात सतरा तक्रारी आल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच, पेय फार गोड लागतंय. महिन्याभरात लोकांना त्याचीही सवय झाली.

सुनावणी एका लांबट सभागृहात होती. समितीचे नऊ जण उंचावर, खाली बोलणाऱ्यांसाठी टेबल, मागे खुर्च्यांच्या रांगा. खिडक्या बंद होत्या आणि पंख्याचा आवाज माइकमध्ये शिरत होता. आधी डॉक्टरबाई बोलल्या. पन्नाशीच्या, किरकोळ, कागद न बघता बोलणाऱ्या. सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडातून एकाच दिवशी आठ दात काढावे लागले, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. एका सदस्याने विचारलं, “मग आईबापांनी लक्ष द्यायला नको का?” डॉक्टरबाई म्हणाल्या, “द्यायला हवं. शाळेच्या फाटकाबाहेर चार दुकानं आहेत, आईबाप दिवसभर कामावर असतात. तुम्ही दुकानांवर लक्ष ठेवणार की आईबापांवर?” दुसऱ्याला शंका आली की फळांचा रस गोड पेयात धरायचा की नाही. त्यावर पाऊण तास गेला. तिसऱ्याने लोणच्याच्या बरण्यांतल्या साखरेचं काय, असं विचारलं. लोणचं कुणी पीत नाही, असं अध्यक्षांनी त्यांना शांतपणे सांगितलं.

मग धाकटे साहेब उठले. रोजगार, छोटे दुकानदार, माणसाचं स्वातंत्र्य. आणि शेवटी म्हणाले, “चव ही फार नाजूक गोष्ट असते. साखरेत तसूभर फरक केला तरी गिऱ्हाईक ओळखतं. आमचे पाकप्रमुख इथे आहेत. तीस वर्षांचा अनुभव आहे त्यांचा.”

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. “सांगा. साखर कमी केली तर लोकांना कळतं?”

मास्तर उभे राहिले. त्यांनी काय बोलायचं ते घरून ठरवून आणलं नव्हतं. धाकट्या साहेबांनी शिकवलेलं वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण कळतं का, एवढं थेट विचारल्यावर त्यांना खोटं बोलता येईना. तो त्यांच्या कामाचा प्रश्न होता.

“एकदम केली तर कळतं,” ते म्हणाले. “हळूहळू केली तर नाही कळत. आम्ही केली होती. आठ महिन्यांत दोन अंश उतरवले. एकही तक्रार आली नाही.”

सभागृहात कुजबूज झाली. डॉक्टरबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटायच्या बेतात होतं. मास्तरांना वाटलं, झालं आपलं काम. नोकरी गेली तर गेली.

धाकटे साहेब एक क्षणभरही गडबडले नाहीत. मान हलवत ते परत माइककडे झुकले. “अध्यक्ष महाराज, हेच तर मला सांगायचं होतं. आमचा उद्योग स्वतःहून साखर कमी करू शकतो. केलेली आहे. मग कर कशाला? आम्हाला पाच वर्षं द्या. आम्ही लेखी वचन देतो.”

समितीच्या नऊ तोंडांवर एकदम सुटल्याची कळा आली. कर लावला तर दुकानदार रागावणार, नाही लावला तर डॉक्टर. वचन घेतलं तर कुणीच नाही. वीस मिनिटांत ठराव झाला. कर स्थगित, उद्योगाने स्वेच्छेने साखर कमी करावी, दरवर्षी आढावा घ्यावा.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरबाईंनी मास्तरांना गाठलं.

“तुमचा हेतू चांगला असेल,” त्या म्हणाल्या. “पण तीन वर्षांचं माझं काम तुम्ही दोन मिनिटांत त्यांच्या हातात नेऊन दिलंत.”

“मी खरं तेच सांगितलं.”

“अर्धंच सांगितलंत. बाटलीवर आजही पावणेअकराच छापलंय. परत वर का नेलं, ते कुठे सांगितलंत?”

“ते विचारलं नाही.”

पिशवी खांद्यावर टाकून डॉक्टरबाई जिन्याने उतरून गेल्या. मास्तरांचे कान तापले होते. आपल्याला विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे तीस वर्षं त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्यात काही चुकतंय हे व्हरांड्यात उभं राहिल्यावरच लक्षात आलं.

गाडीत धाकट्या साहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. “मास्तर, तुम्ही तर कमालच केलीत.” रागावले असते तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात मास्तरांचं वाक्य छापून आलं. शेजारणीने ते आक्काला वाचून दाखवलं. संध्याकाळी मास्तर घरी आले तर आक्का हाताची घडी घालून बसलेली.

“मला पातळ पाजत होतास?”

“पातळ नाही. कमी गोड.”

“आठ महिने?”

“तेव्हा क्रेट घरी येत होता, म्हणजे तूही तेच प्यायलीस. तुला तरी कुठे कळलं?”

आक्का थोडा वेळ विचारात पडली. चवीच्या बाबतीत स्वतःच्या जिभेवर तिचा फार भरवसा होता. मग म्हणाली, “तू सांगितलं नव्हतंस म्हणून. सांगितलं असतंस तर पहिल्या घोटाला कळलं असतं.”

मास्तर हसले नाहीत. कारण ती जे बोलली ते शंभर टक्के बरोबर होतं. गाजावाजा करून साखर कमी केली की जीभ लगेच ओळखणार, आणि धाकट्या साहेबांच्या पाच वर्षांच्या वचनाचं पुढे काय होणार, ते त्यात आलं होतं.

त्यांनी महिनाभर वाट पाहिली. मग स्वतःच एक तक्ता केला. दर महिन्याला पाव अंश, कुठल्या महिन्यात आंबटपणा किती, अर्क किती, सगळं स्वच्छ अक्षरात. तो वर नेऊन दिला. धाकट्या साहेबांनी मान हलवली. पुढच्या महिन्यात विचारलं तर तक्ता मुख्य कार्यालयात गेला होता. त्याच्या पुढच्या महिन्यात तो अभ्यासगटाकडे होता. अभ्यासगटात कोण आहे, असं मास्तरांनी विचारलं. धाकटे साहेब म्हणाले, “ते ठरतंय.” फळ्यावर रोज सकाळी पावणेअकरा लिहिताना खडू कचकन मोडायचा, आणि बाकीचे एकमेकांकडे बघायचे.

सातव्या महिन्यात नवं पेय आलं. हिरव्या लेबलावर मोठ्या अक्षरात ‘कमी साखर’. जुन्या संत्र्यात काहीही बदल नाही, हे वेगळंच. नव्या पेयात साखर निम्मी आणि उरलेल्या जागी एक गोडवा आणणारी भुकटी, जिची चव प्यायल्यावर बराच वेळ जिभेच्या कडेला चाटलेल्या नाण्यासारखी राहायची. पेय तयार होण्याआधीच मास्तरांनी लिहून दिलं होतं की हे चालणार नाही. ते पेय दुकानांतून धूळ खात पडलं. दुकानदारांनी क्रेटच्या क्रेट परत पाठवले. आणि वर्षाच्या शेवटी समितीकडे जो अहवाल गेला, त्यात एक सुंदर रंगीत आलेख होता. कमी साखरेच्या पेयाला ग्राहकांनी नाकारलं. लोकांना गोडच हवं आहे, असं त्यावरून सिद्ध होतं.

तो अहवाल मास्तरांच्या हाती पडला जेवणाच्या सुट्टीत. त्यांनी डबा तसाच बंद केला. पाकखोलीच्या कपाटात मागच्या बाजूला त्यांची स्वतःची वही होती. कारखान्याची नोंदवही नव्हे. रोजचा आकडा, कुणी चाखलं, काय म्हणालं, तक्रार आली का, हे ते स्वतःच्या समाधानासाठी लिहून ठेवायचे. ती वही पिशवीत घालून त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ते आरोग्य खात्याच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाई एका मुलाच्या तोंडात आरसा घालून बघत होत्या. त्यांनी मास्तरांना ओळखलं, आणि बसा म्हणाल्या नाहीत. मुलगा गेल्यावर हात धुऊन त्यांनी विचारलं, “आता काय?”

“उरलेलं अर्धं सांगायला आलोय,” मास्तर म्हणाले.

डॉक्टरबाईंनी वही पहिल्या पानापासून वाचली. मध्ये दोन पेशंट झाले, परत वाचली. सतरा तक्रारींच्या पानावर त्या थांबल्या. “परत गोड केल्यावर तक्रारी आल्या?”

“सतरा.”

“आणि हे तुम्ही सहा-सात वर्षं कपाटात ठेवलंत.”

“हो.”

डॉक्टरबाईंनी वही मिटली. “सही करून द्याल? तुमच्या नावाने?”

“त्यासाठीच आलो. पण एक सांगू का बाई? तुमच्या मसुद्यातही चूक आहे.”

“कसली चूक?”

“तुम्ही बाटलीवर कर मागताय. बाटलीवर लावलात तर किंमत सांभाळायला बाटली लहान होईल. साखरेवर लावा. जितके अंश जास्त तितका कर जास्त. नऊच्या खाली असेल तर माफ. मग बघा, आमचे साहेब एका आठवड्यात माझा तक्ता शोधून काढतील.”

डॉक्टरबाई खुर्चीत मागे रेलल्या. तीन वर्षं दात मोजले, पण ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. दोघांनी मिळून नवा मसुदा केला. पंधरा दिवस रोज संध्याकाळी पाच ते सहा. मास्तर सांगायचे, बाई लिहायच्या, आणि प्रत्येक दुसऱ्या वाक्यावर दोघांचं वाजायचं. बाईंना सगळं कडक हवं होतं, मास्तरांना कारखाना बंद पडायला नको होता. बाटल्या भरणाऱ्या बायका त्यांच्या समोर वयाने मोठ्या झाल्या होत्या.

निवेदन समितीकडे पोचलं त्याच्या तिसऱ्या दिवशी धाकट्या साहेबांनी त्यांना वर बोलावलं. आवाज गोडच होता.

“मास्तर, मला आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.”

“चौदा महिने सांगतोय, साहेब.”

धाकट्या साहेबांनी या वेळी मान हलवली नाही. “तुमचा अनुभव पाणी शुद्धीकरणात लागणार आहे. सोमवारपासून तिकडे.”

पाणी शुद्धीकरण म्हणजे कारखान्याच्या मागच्या टोकाची पत्र्याची शेड. तिथे चाखायला काही नव्हतं. मास्तर आपली नळी खिशात घालून गेले. पहिल्या दिवशी सवयीने त्यांनी पाण्याचा थेंब काचेवर टाकून पाहिला आणि आत शून्य दिसल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

दुसरी सुनावणी झाली तेव्हा मास्तर रजा काढून गेले, आणि या वेळी नागरिकांच्या रांगेत बसले. नागरिकाला तीन मिनिटं मिळतात. त्याआधी ते घरी आक्कापुढे घड्याळ ठेवून बोलून बघत होते. आक्काने त्यांना दोनदा टोकलं की अंश अंश करू नकोस, चमचे म्हण, माणसाला चमचे कळतात. सभागृहात त्यांनी चमचेच म्हटले. वही दाखवली, सतरा तक्रारी वाचल्या, आणि शेवटी सांगितलं, “साहेब, कर लावायचाच असेल तर साखरेवर लावा. बाटलीवर लावू नका. बाटलीचा काही दोष नाही.”

लोक हसले. अध्यक्षही हसले. रंगीत आलेखाबद्दल एका सदस्याने धाकट्या साहेबांना असे दोन प्रश्न विचारले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मास्तरांच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. डॉक्टरबाई रांगेच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी तिथूनच हळूच मान डोलावली.

निर्णय तीन आठवड्यांनी आला. कर मंजूर झाला. बाटलीमागे ठरावीक कर, साखर कितीही असो.

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. कारण खाली छापलं होतं. साखरेचे अंश तपासायला प्रयोगशाळा लागेल, माणसं लागतील, वाद होतील. बाटल्या कुणालाही मोजता येतात.

ते तडक दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई खूश होत्या. खूप नाही, पण होत्या. टेबलावर कुणीतरी आणलेली फुलं होती.

“काहीतरी आलं ना,” त्या म्हणाल्या. “चार वर्षांपूर्वी हा शब्दही कुणी ऐकून घेत नव्हतं. महाग झालं की थोडं कमी प्यायलं जाईल. दोन वर्षांनी फेरविचार आहे, तेव्हा साखरेचं बघू.”

“बाई, तो आकडा आता कोण खाली आणणार? कमी करून त्यांना फायदा काय? पावणेअकरालाही तोच कर, पावणेनऊलाही तोच.”

“मला कळतंय.”

“मग फुलं कशाला ठेवलीत?”

हे बोलल्यावर मास्तरांना वाईट वाटलं. डॉक्टरबाईंनी फुलांकडे बघितलं. “मास्तर, मी रोज लहान मुलांचे दात काढते. मला एखाद्या दिवशी तरी बरं वाटू द्या.”

थोड्या वेळाने बाईंनी स्वतः चहा केला. बिनसाखरेचा. दोघांनी तो तसाच प्यायला.

पुढे झालं ते मास्तरांनी सांगितलं होतं तसंच झालं. बाटली बारीक झाली, कंबरेत दाबलेली, दिसायला छान. किंमत थोडी वाढली, खप थोडा घटला, कुणाचीही नोकरी गेली नाही आणि फाटकावरचा फलक एका सकाळी गुपचूप निघाला. पाकखोलीतल्या फळ्यावर पावणेअकराच होतं. आक्का आधी अर्धी बाटली प्यायची, आता नवी लहान बाटली अख्खी पिते. मास्तरांनी मोजून बघितलं, साखर तेवढीच. मास्तर बोलले, ओरडले, दोन दिवस जेवताना तिच्याशी बोलले नाहीत. तिने त्यांच्या ताटात वाढलं आणि म्हणाली, “तुझी समिती तुझं ऐकत नाही, आणि चिडतोस माझ्यावर.”

त्या संध्याकाळी त्यांनी तिच्या डोळ्यात थेंब घातले. “उद्यापासून आपण घरातच करू,” ते म्हणाले. “तुझ्या पेयात दर आठवड्याला एक चमचा पाणी जास्त. आणि मी तुला सांगून करणार.”

“मग मला कळेल.”

“कळू दे.”

उजवा डोळा मिटून आक्का औषध मुरायची वाट बघत बसली.

सोमवारी मास्तर समितीच्या कार्यालयात गेले. नोकरीची त्यांची अजून तीन वर्षं बाकी होती, फेरविचार दोन वर्षांनी होता, म्हणजे ते कारखान्यातला माणूस म्हणूनच बोलू शकणार होते. खिडकीमागे एक कारकून बाई बसल्या होत्या.

“फेरविचाराच्या सुनावणीत बोलायचंय. नाव नोंदवायचंय.”

“ती दोन वर्षांनी आहे.”

“माहीत आहे.”

“इतक्या आधी अर्ज घेत नाही. तारीख जाहीर झाली की या.”

“जाहीर कधी होणार?”

“ते आम्हालाही कळवत नाहीत.”

मागे रांग होती. कुणीतरी खाकरलं. मास्तर बाजूला झाले, भिंतीजवळच्या बाकावर बसले, आणि कोरा अर्ज मांडीवर ठेवून त्यांनी तो भरायला सुरुवात केली. नाव, पत्ता, व्यवसाय. व्यवसायाच्या रकान्यात आधी त्यांनी पाणी शुद्धीकरण लिहिलं, मग ते खोडून पाकप्रमुख लिहिलं. विषयाच्या रकान्यात जागा फार थोडी होती. त्यांनी बारीक अक्षरात लिहायला घेतलं, आणि जागा संपली तेव्हा कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहीत राहिले.